‘अंडरस्टँड’ला ‘इंग’ का लागत नाही?

प्रश्न : मी डिचोलीची. चौथीपर्यंत मराठी प्राथमिक शाळेत शिकले आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेले. गेली सहा वर्षे पणजीतील एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करते. मागच्या महिन्यात एका पाहुण्याच्या खोलीतला गीझर बिघडला होता. मी त्यांना म्हटले, ‘आय ॲम अंडरस्टँडिंग युअर प्रॉब्लेम, सर. युअर रूम इज हॅविंग ॲन ओल्ड गीझर.’ आमच्या वरिष्ठांनी त्या पाहुण्यासमोरच मला थांबवून ‘अंडरस्टँडिंग नाही, अंडरस्टँड म्हण’ असे सांगितले, पण कारण सांगितले नाही. शाळेत बारा काळांचा तक्ता मी पाठ केला होता आणि आजही तो म्हणून दाखवीन. आत्ता चालू असलेल्या क्रियेला ‘इंग’ लावायचे, असेच आम्हाला शिकवले होते. त्यांची अडचण मला त्या क्षणीच समजत होती, मग माझे चुकले कुठे? माझी मुलगी यंदा पाचवीत गेली आहे आणि तिलाही तोच तक्ता पाठ करायला दिला आहे, म्हणून हे नीट समजून घ्यायचे आहे. आणखी एक. संध्याकाळी घरी निघताना मी सवयीने ‘आय ॲम कमिंग’ म्हणते आणि सहकारी हसतात. त्याचेही कारण सांगावे.

उत्तर : सस्नेह नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि ‘माझे चुकले कुठे’ हा तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण चुकल्याचे अनेकांना कळते, पण कुठे चुकले हे विचारण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात. प्रथम एक गोष्ट मनापासून सांगते. तुमच्या डोक्यातले मराठी वाक्य अचूक होते. ‘मला तुमची अडचण समजते आहे’ असे आपण म्हणतो, ते पूर्णपणे योग्य आहे, आणि नुसत्या ‘समजते’पेक्षा ‘समजते आहे’ यात समोरच्याकडे लक्ष असल्याची एक आपुलकीही आहे. तुम्ही तीच आपुलकी इंग्रजीत नेऊ पाहिलीत आणि ‘समजते आहे’ यातल्या ‘आहे’च्या जागी ‘ॲम’ व ‘समजत’च्या जागी ‘अंडरस्टँडिंग’ ठेवलेत. चूक त्या बदलीत आहे. ती पाहुण्यासमोर आणि कारण न देता दाखवली गेली, हे मला योग्य वाटत नाही. शिकवायचे असेल तर माणसाला बाजूला घेऊन, शांतपणे आणि कारणासह शिकवावे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. इंग्रजीच्या तासाला आपण ज्याला ‘चालू वर्तमानकाळ’ म्हणतो, त्याला मराठीच्या व्याकरणात ‘अपूर्ण वर्तमानकाळ’ असे नाव आहे. फोंड्याच्या बाजूला मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले, आणि त्या वर्षांत माझे असे ठाम मत झाले की मुलांना ‘चालू’ऐवजी ‘अपूर्ण’ हा शब्द दिला असता, तर निम्म्या चुका झाल्याच नसत्या. ‘चालू’ म्हटले की लक्ष घड्याळाकडे जाते आणि आत्ता घडते आहे ना, मग लाव ‘इंग’, असा हिशेब होतो. ‘अपूर्ण’ म्हटले की लक्ष क्रियेकडे जाते. ती सुरू झालेली असते, संपलेली नसते, आणि बोलणारा त्या दोहोंच्या मध्ये उभा राहून तिच्याकडे पाहत असतो. इंग्रजीतला ‘इंग’ हा त्या मध्ये उभे राहण्याचा प्रत्यय आहे. ती क्रिया आत्ताची असेल, कालची असेल किंवा उद्याची असेल, ते सांगण्याचे काम ‘इज’, ‘वॉज’ आणि ‘विल बी’ करतात. ‘इंग’ वेळ सांगतच नाही.

तुम्ही डिचोलीहून पणजीला जाताना कधी मये आणि चोडणमार्गे फेरीबोटीने रायबंदरला उतरला असाल. चोडणच्या धक्क्यावर उभे राहून पाहा. वेळापत्रकाविषयी बोलायचे असेल, तर ‘द फेरी लीव्ह्ज एव्हरी मॉर्निंग’, म्हणजे फेरीबोट रोज सकाळी सुटते. ही तिची रीत झाली आणि हे वाक्य बोलताना बोट समोर असण्याचीही गरज नाही. आता दोर सोडला आहे, शेवटची मोटरसायकल आत चढली आहे, इंजिनाचा आवाज वाढला आहे, पुढचा लोखंडी उतार वर उचलला जातो आहे आणि धक्का व बोट यांच्यामध्ये पाण्याची हातभर पट्टी दिसू लागली आहे. या घडीला ‘द फेरी इज लीव्हिंग’. सुटणे सुरू झाले आहे, संपलेले नाही, आणि पळत आलेला माणूस अजून हात वर करून ओरडतो आहे. बोट नदीच्या मध्यावर गेली, की ‘द फेरी हॅज लेफ्ट’. बोट एकच आणि सुटणेही एकच, पण पाहणारा पहिल्या वाक्यात लांब उभा आहे, दुसऱ्यात क्रियेच्या आत आहे आणि तिसऱ्यात तिच्या पलीकडे गेला आहे.

या ‘आत उभे राहण्या’तूनच तात्पुरतेपणाचा अर्थ येतो, कारण जे अपूर्ण आहे ते कधीतरी संपणार असते. ‘द मांडवी फ्लोज इन्टु द अरेबियन सी’ या वाक्यात ‘इज फ्लोइंग’ म्हटले, तर उद्या ती दुसरीकडे वळणार आहे की काय, असे वाटेल. परंतु श्रावणातल्या एखाद्या दिवशी ‘द रिव्हर इज फ्लोइंग फास्ट टुडे’ हे अगदी बरोबर आहे. त्याच न्यायाने ‘आय लिव्ह इन डिचोली’ म्हणजे तुमचे घर तिथे आहे, आणि ‘आय ॲम लिव्हिंग इन पणजी दीज डेज’ म्हणजे काही कारणाने सध्या मुक्काम पणजीत आहे. ‘आय वर्क ॲट अ हॉटेल’ ही तुमची नोकरी झाली, तर ‘आय ॲम वर्किंग नाइट्स धिस वीक’ ही या आठवड्याची पाळी झाली. दुसरे वाक्य तुम्ही दिवसा घरी जेवताना बोललात तरी चालेल, त्या क्षणी तुम्ही काम करत असण्याची जरुरी नाही. ‘आत्ता चालू’ ही शाळेतली व्याख्या किती तोकडी आहे, हे या एका वाक्यावरूनच दिसेल.

आता ‘अंडरस्टँड’कडे वळू. समजणे, माहीत असणे, आवडणे, हवे असणे, आठवणे, मालकीचे असणे या इंग्रजीच्या दृष्टीने क्रियाच नव्हेत, त्या स्थिती आहेत. स्थितीला सुरुवात आणि शेवट असू शकतात, पण तिला ‘मध्य’ नसतो. बोट अर्धी सुटलेली असू शकते, पण एखाद्याचे नाव ‘अर्धे माहीत होत’ नसते. जिथे मध्य नाही, तिथे मध्ये उभे राहता येत नाही, म्हणून ‘इंग’ लागत नाही. ‘आय अंडरस्टँड युअर प्रॉब्लेम, सर’ हे वाक्य त्या क्षणाचेच आहे, फक्त इंग्रजी माणूस समजण्याकडे चालू काम म्हणून पाहत नाही.

अशा क्रियापदांची यादी पुस्तकांत असते आणि मुले ती पाठ करून विसरतात. मी वर्गात वेगळी खूण सांगत असे आणि ती आपल्याच भाषेत दडलेली आहे. मराठीत आपण ‘मी चालते’, ‘मी लिहिते’ म्हणतो, पण ‘मी समजते’ असे सहसा म्हणत नाही. ‘मला समजते’ असे म्हणतो. मला आवडते, मला दिसते, मला ऐकू येते, मला आठवते, मला हवे आहे, मला माहीत आहे, मला वाटते, ही वाक्ये ओळीने म्हणून पाहा. या सगळ्यांत माणूस काही करत नाही, त्याला काहीतरी होते किंवा त्याच्यापाशी काहीतरी असते, आणि हे मराठीने ‘मी’चे ‘मला’ करून फार पूर्वीच ओळखून ठेवले आहे. म्हणून मराठी वाक्य ‘मला’, ‘माझ्याकडे’ किंवा ‘त्यांना’ने सुरू होत असेल, तर इंग्रजीत ‘इंग’ लावण्यापूर्वी थांबा. ‘आय लाइक’, ‘आय सी’, ‘आय रिमेंबर’, ‘आय वॉन्ट’, ‘आय नो’, ‘आय हॅव’, सगळीकडे साधे रूप येते. ही खूण सर्वत्र लागू पडत नाही, हेही सांगायला हवे. शरीराशी आणि चालू घटनेशी संबंध आला की ती सुटते. ‘मला घाम येतो आहे’ याचे ‘आय ॲम स्वेटिंग’ होते आणि ‘मला थंडी वाजते आहे’ याचे ‘आय ॲम फीलिंग कोल्ड’ होते. शिवाय ‘कॉस्ट’, ‘बिलाँग’, ‘कन्टेन’, ‘मीन’ ही स्थितिवाचक क्रियापदे ‘मला’विना येतात आणि ती स्वतंत्रच लक्षात ठेवावी लागतात. पण दहांतल्या सात-आठ प्रसंगी ही खूण तुम्हाला तारून नेईल, असे मी अनुभवाने सांगते.

तुमचे दुसरे वाक्य ‘हॅव’चे होते आणि ‘हॅव’ हे क्रियापद दुहेरी आहे. खोलीत गीझर असणे ही स्थिती आहे, तेव्हा ‘द रूम हॅज ॲन ओल्ड गीझर’. मला दोन भाऊ आहेत, तेव्हा ‘आय हॅव टू ब्रदर्स’. परंतु ‘हॅव’चा अर्थ खाणे, पिणे, अनुभवणे असा झाला की ती क्रिया होते, म्हणून ‘द गेस्ट्स आर हॅविंग ब्रेकफास्ट’ हे बिनचूक आहे. हाच दुहेरीपणा ‘टेस्ट’मध्ये अधिक स्पष्ट दिसतो. तुमच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात आचारी पळीतून हुमणाचा थेंब तळहातावर घेऊन चाखत असेल, तर ‘ही इज टेस्टिंग द करी’, कारण ते चाखणे चालू आहे आणि क्षणात संपेल. पण त्या हुमणाला चव चांगली असेल, तर ‘द करी टेस्ट्स गुड’, कारण हुमण काही करत नाही, ते तसे आहे. ‘थिंक’चेही तसेच आहे. ‘आय थिंक ही इज राइट’ हे मत झाले, तर ‘आय ॲम थिंकिंग अबाउट युअर रिक्वेस्ट’ हा डोक्यात चाललेला विचार झाला. ‘ही इज रूड’ म्हणजे तो उद्धटच आहे, आणि ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे एरवी बरा असेल, पण आत्ता उद्धटपणे वागतो आहे. हा शेवटचा फरक रिसेप्शनवर काम करणाऱ्या व्यक्तीने जरूर शिकावा, कारण पाहुण्याविषयी वरिष्ठांना कळवताना या एका ‘बीइंग’मुळे त्या माणसावर अन्याय होत नाही.

एवढ्या गोष्टी बहुतेक पुस्तकांत सापडतात. पुढची गोष्ट मात्र इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांत क्वचितच मिळते, कारण ती मराठी बोलणाऱ्यांचीच अडचण आहे, आणि म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळते. तुमच्या लॉबीकडे पाहा. मराठीत आपण म्हणतो, ‘दोन पाहुणे सोफ्यावर बसले आहेत. एक बाई दाराशी उभ्या आहेत. त्यांनी निळी साडी नेसली आहे आणि हातात छत्री धरली आहे. त्यांच्या खांद्यावर बाळ झोपले आहे.’ या वाक्यांत ‘-त आहे’ कुठेही नाही, उलट ‘बसले’, ‘नेसली’, ‘धरली’, ‘झोपले’ ही झालेल्या क्रियेची रूपे आहेत. बसण्याची क्रिया मघाशी झाली आणि तिचा परिणाम आता टिकून आहे, असे मराठी पाहते. म्हणून मराठी माध्यमातून आलेला माणूस मोठ्या विश्वासाने ‘टू गेस्ट्स हॅव सॅट ऑन द सोफा’ आणि ‘द बेबी हॅज स्लेप्ट’ असे म्हणतो. इंग्रजी मात्र बसून राहणे, उभे राहणे, कपडा अंगावर असणे, वस्तू हातात असणे आणि झोपेत असणे यांना चालू गोष्टी मानते, कारण त्या कोणत्याही घडीला संपू शकतात. म्हणून ‘टू गेस्ट्स आर सिटिंग ऑन द सोफा’, ‘अ लेडी इज स्टँडिंग बाय द डोअर’, ‘शी इज वेअरिंग अ ब्लू सारी’, ‘शी इज होल्डिंग ॲन अम्ब्रेला’, ‘द बेबी इज स्लीपिंग’. म्हणजे पाहा, ‘समजते आहे’ इथे मराठीत चालू रूप आहे आणि इंग्रजीत नाही, तर ‘बसले आहेत’ इथे इंग्रजीत चालू रूप आहे आणि मराठीत नाही. दोन्ही भाषा आपापल्या जागी सुसंगत आहेत, फक्त त्यांच्या सीमारेषा वेगळ्या ठिकाणी ओढलेल्या आहेत. ‘आहे’ दिसला की ‘इज’ लावणे कधीच का पुरत नाही, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

तुमच्या पत्रात ‘गेली सहा वर्षे काम करते’ असे वाक्य आहे. हे तुम्ही इंग्रजीत कसे म्हणता, ते तुम्ही लिहिलेले नाही, पण बहुधा ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स’ असे म्हणत असाल, कारण आपल्याकडे मुलाखतीला बसलेली दहांपैकी नऊ मुले तसेच म्हणतात. मराठीत ‘करते’ किंवा ‘करते आहे’ हा वर्तमानकाळ पुरतो, कारण भूतकाळाचा भार ‘गेली सहा वर्षे’ हे शब्द उचलतात. इंग्रजीत तो भार क्रियापदाने उचलावा लागतो. मागे सुरू झालेली आणि आजपर्यंत येऊन पोचलेली क्रिया मोजायची असेल, तर ‘हॅव’चे रूप लागतेच, म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स’. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांचा घोळही मराठीतूनच येतो. आपण ‘सकाळपासून’ म्हणतो आणि ‘दोन तासांपासून’ही म्हणतो, एकच ‘पासून’ दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत सुरुवातीच्या बिंदूला ‘सिन्स’ लागते, जसे ‘सिन्स मॉर्निंग’, आणि मोजलेल्या कालावधीला ‘फॉर’ लागते, जसे ‘फॉर टू अवर्स’. इथेही स्थितीचा नियम सुटत नाही. एखाद्याला दहा वर्षे ओळखत असाल, तर ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ असेच म्हणावे, ‘हॅव बीन नोइंग’ कधीही म्हणू नये.

तुमच्या कामात या रूपाचा एक प्रत्यक्ष उपयोग आहे. पाहुण्याला ‘हाउ लाँग आर यू स्टेइंग?’ विचारले, तर तो मुक्काम एकूण किती दिवसांचा आहे ते सांगेल. ‘हाउ लाँग हॅव यू बीन स्टेइंग हिअर?’ विचारले, तर आल्यापासून आजवर किती दिवस झाले ते सांगेल. पहिला प्रश्न पुढे पाहतो आणि दुसरा मागे पाहतो. खोली आणखी दोन दिवस लागणार आहे का, हे जाणून घ्यायचे असताना दुसरा प्रश्न विचारला गेला, तर उत्तर मिळेल, पण तुमच्या कामाचे नसेल.

रिसेप्शनवर सर्वांत जास्त लागणारे चालू रूप मात्र तक्त्यातल्या बारा खान्यांत बहुतेक वेळा नसतेच. पाहुणा सामान घेऊन समोर उभा आहे आणि खोली अजून तयार नाही. मराठीत आपण ‘सफाई चालू आहे’ म्हणतो, आणि म्हणून ‘क्लीनिंग इज गोइंग ऑन’ असे तोंडात येते. त्याने अर्थ कळतो. परंतु घाईत पुष्कळ जण ‘युअर रूम इज क्लीनिंग’ म्हणून जातात, आणि त्याचा शब्दशः अर्थ खोलीच काहीतरी साफ करते आहे असा होतो. योग्य वाक्य आहे ‘युअर रूम इज बीइंग क्लीन्ड’. तसेच ‘द गीझर इज बीइंग रिपेअर्ड’ आणि ‘युअर बिल इज बीइंग प्रिपेअर्ड’. ज्याच्यावर क्रिया होते आहे तो वाक्याच्या आरंभी आला, की ‘बीइंग’ मध्ये घालावे आणि पुढे क्रियापदाचे तिसरे रूप घ्यावे. हे रूप तुम्हाला अवघड वाटत असेल, तर एक गोष्ट ऐकून धीर येईल. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रज लोक स्वतःच ‘घर बांधले जात आहे’ या अर्थी ‘द हाउस इज बिल्डिंग’ असे लिहीत असत. ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप त्या सुमारास रुजू लागले आणि एकोणिसाव्या शतकातही अनेक व्याकरणकारांनी ते बेढब म्हणून नाकारले होते. आज त्याच्यावाचून इंग्रजीचे पान हलत नाही.

भविष्याविषयी थोडक्यात सांगते. आधीच ठरलेल्या बेतासाठी इंग्रजी चालू वर्तमानकाळ वापरते. मराठीत ‘मी उद्या मुंबईला जाते आहे’ म्हणतात तसेच ‘आय ॲम गोइंग टु मुंबई टुमॉरो’. गाडीच्या वेळापत्रकाला मात्र साधे रूप लागते, जसे ‘द ट्रेन लीव्ह्ज मडगाव ॲट नाइन’. पाहुण्याला निघण्याची वेळ विचारताना ‘व्हेन विल यू चेक आउट?’ हे थोडे रोखठोक वाटते, तर ‘व्हेन विल यू बी चेकिंग आउट?’ यात तुमचे आधीच ठरले असेल ते सांगा, एवढाच सूर आहे आणि कसलाही आग्रह नाही. तुमच्या व्यवसायात हे दुसरे रूप जिभेवर बसवून घ्यावे. ‘ड्रायव्हर आता जेवत असेल’ अशा अंदाजाच्या वाक्यात मराठी आणि इंग्रजी अगदी हातात हात घालून चालतात, ‘द ड्रायव्हर विल बी हॅविंग हिज लंच नाउ’.

भूतकाळात एकच सापळा आहे, पण तो खोल आहे. आपण ‘जात होतो’ आणि ‘जात असू’ यांत भेद करतो, आणि इंग्रजीत जाताना तो भेद हरवतो. मांडवीवरचा पूल जुलै 1986 मध्ये कोसळला आणि त्यानंतर काही वर्षे माणसे फेरीबोटीने नदी ओलांडत असत. इंग्रजीत पूल ‘कोलॅप्स्ड’, तो एका क्षणाचा प्रसंग झाला. फेरीबोटीने जाणे पुष्कळ दिवस चालले, म्हणून तिथे ‘वेअर क्रॉसिंग’ लिहावेसे वाटते, पण ती रीत होती, तेव्हा ‘पीपल क्रॉस्ड द रिव्हर बाय फेरी’ किंवा ‘यूज्ड टु क्रॉस’ असे म्हणावे. क्रिया किती काळ चालली यावर ‘इंग’ ठरत नाही. ‘वेअर क्रॉसिंग’ला दुसरी घटना सोबतीला लागते. ‘वी वेअर क्रॉसिंग द रिव्हर व्हेन इट बिगॅन टु रेन’, आम्ही नदी ओलांडत होतो, तेवढ्यात पाऊस आला. ओलांडणे अपूर्ण होते आणि त्याच्या मध्यात पाऊस शिरला. अशी आत शिरणारी दुसरी घटना किंवा ‘काल रात्री नऊ वाजता’ यासारखी ठरावीक घडी वाक्यात नसेल, तर भूतकाळातला ‘इंग’ बहुधा अनावश्यक असतो.

‘तो सारखी खोलीची चावी हरवत असतो’ यातला ‘-त असतो’ मात्र खुशाल ‘इंग’ने सांगावा. ‘ही इज ऑल्वेज लूजिंग हिज की’ या वाक्यात तक्रारीचा तोच वैताग जसाच्या तसा उतरतो.

आता तुमच्या मुलीविषयी. तक्ता पाठ करू नये असे मी म्हणणार नाही, परीक्षेत तो लागतो. परंतु तक्ता पाठ करण्याआधी तिला खिडकीत बसवा आणि समोर जे दिसते ते मराठीत सांगायला लावा. मांजर कट्ट्यावर बसले आहे, आजी तांदूळ निवडते आहे, शेजारच्या काकांनी रेनकोट घातला आहे, पावसात कपडे वाळत नाहीत. मग प्रत्येक वाक्यापाशी तिला विचारा, हे अपूर्ण काम आहे, टिकून असलेली स्थिती आहे, की रोजची रीत आहे? तिने उत्तर दिल्यावरच इंग्रजी वाक्य करा. रोज पाच वाक्ये पुरेत, आणि ती वहीच्या एका पानावर समोरासमोर लिहावीत, डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी, म्हणजे दोन भाषा कुठे जुळतात आणि कुठे फुटतात ते तिचे तिलाच दिसेल. तुम्हीही पाळी संपल्यावर, त्या दिवशी पाहुण्यांशी बोललेली पाच वाक्ये याच पद्धतीने लिहून पाहा. ‘रनिंग’मध्ये दोन ‘एन’ का येतात आणि ‘रायटिंग’मधला ‘ई’ कुठे जातो, या लेखनाच्या गोष्टी तिच्या शाळेत शिकवतीलच, त्यांची चिंता तुम्ही करू नये.

राहिले ‘आय ॲम कमिंग’. घरातून किंवा कामावरून निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावे, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि कोकणीतही ‘हांव येतां’ असेच म्हणतात. त्यात पुन्हा भेटण्याचे आश्वासन आहे. या वाक्यातला ‘इंग’ चुकलेला नाही, निघणे अपूर्णच आहे. चुकले आहे ते क्रियापद, कारण इंग्रजीत ‘कम’ म्हणजे बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या दिशेने येणे, आणि तुम्ही तर त्यांच्यापासून दूर जात असता. इंग्रजी बोलणाऱ्या सहकाऱ्यांना ‘आय ॲम लीव्हिंग नाउ, सी यू टुमॉरो’ असे म्हणा. त्या ‘सी यू टुमॉरो’मध्ये आपले ‘येते’ पुरेसे येते. आणि डिचोलीच्या बसमध्ये चढण्यापूर्वी जी माणसे आपल्या भाषेतली भेटतील, त्यांना ‘येते हं’ असेच म्हणत जा.